हॅस्केल: फोल्डएल-प्राइम आणि स्ट्रिक्ट मॅप वापरूनही मेमरी का फुगते?

हॅस्केल ही लेझी भाषा आहे: उत्तर लागेपर्यंत हिशेब पुढे ढकलते. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे तो लगेच सोडवणं. प्रश्न थोडक्यात असा. 2 जीबीची लॉग फाइल आहे, साधारण 2 कोटी ओळी. प्रत्येक ओळीत युजर आयडी आणि त्या विनंतीला लागलेला वेळ. युजरनिहाय विनंत्या मोजायच्या आणि सरासरी वेळ काढायची. वेगवेगळे युजर 50 हजारांच्या आसपास. फाइल लेझी बाइटस्ट्रिंग (लागेल तसे तुकड्यातुकड्याने येणारे कच्चे बाइट) म्हणून वाचली आहे, ओळी पाडून फोल्डएल-प्राइमने (ओळीओळीने एक निकाल जमवत जाणारं फंक्शन) फोल्ड केलं आहे, मॅप (की आणि तिची व्हॅल्यू यांचा साठा) ‘डेटा.मॅप.स्ट्रिक्ट’मधला आहे आणि प्रत्येक युजरसमोर संख्या आणि एकूण वेळ यांचं टपल (जोडी) ठेवलं आहे. छोट्या फाइलवर सगळं ठीक चालतं. मोठ्या फाइलवर मेमरी 8 जीबीपर्यंत चढते आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम मारून टाकते. आता ‘स्ट्रिक्ट’ एक्स्टेन्शन सगळीकडे चालू करावं, की दिसेल तिथे ‘फोर्स’ (व्हॅल्यू आतपर्यंत पूर्ण सोडवणारं फंक्शन) लावावं?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. आधी मेमरी कोणी अडवून धरली आहे ते शोधायला हवं. त्याची उत्तरं तीन असू शकतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एक, न सोडवलेल्या हिशेबांचा ढीग, म्हणजे थंक. दोन, डेटा पूर्ण सोडवलेला आहे, पण कुठला तरी संदर्भ त्याला धरून बसल्यामुळे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) तो टाकू शकत नाही. तीन, डेटाच खरोखर तेवढा मोठा आहे. दुसऱ्या प्रकारच्या गळतीवर कितीही उद्गारचिन्हं (हॅस्केलमधली ‘लगेच सोडव’ अशी खूण) पेरली तरी फरक पडत नाही. ‘सगळं स्ट्रिक्ट केलं, तरी तेच’ अशी तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

(फ्लॅग, म्हणजे कमांडला द्यायचे पर्याय, देवनागरीत लिहिले आहेत. अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.)

तिसरी शक्यता कागदावरच निकालात काढता येते. 64 बिटच्या मशीनवर डेटा.मॅपचा एक नोड 6 शब्दांचा असतो: हेडर, आकार, की, व्हॅल्यू, डावी फांदी, उजवी फांदी. म्हणजे 48 बाइट. व्हॅल्यू म्हणून दोन पूर्णांकांचं नीट बांधलेलं रेकॉर्ड असेल तर 3 शब्द, 24 बाइट. 16 अक्षरांपर्यंतचा युजर आयडी शॉर्ट-बाइटस्ट्रिंगमध्ये (छोट्या स्ट्रिंगसाठीचा बाइटस्ट्रिंगचा प्रकार) ठेवला तर 48 बाइट. एकूण युजरमागे 120 बाइट, 50 हजार युजरांचे 60 लाख बाइट, म्हणजे सुमारे 6 एमबी. जीएचसीचा (हॅस्केलच्या कंपायलरचा) नेहमीचा कलेक्टर जिवंत डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करतो, त्यामुळे वरकड धरून दुप्पट-तिप्पट जागा लागते. तरीही 20 एमबीच्या आसपास. तुमचे 8 जीबी या हिशेबात कुठेच बसत नाहीत, तेव्हा ही गळतीच आहे. असा अंदाज दोन मिनिटांत होतो आणि तो न करता प्रोफायलर उघडण्यात अर्थ नाही, कारण समोर आलेला आकडा जास्त की कमी हेच कळत नाही.

आता मोजमाप. ‘-ओ’ (मोठं अक्षर) आणि ‘-आरटीएसऑप्ट्स’ लावून बिल्ड करा आणि चालवताना शेवटी ‘+आरटीएस -एस’ द्या (हा एस लहान; आरटीएस म्हणजे जीएचसीची रनटाइम सिस्टिम). जीएचसीआयमध्ये (जीएचसीच्या प्रॉम्प्टवर) मोजू नका. तिथे तुमच्या कोडवर ऑप्टिमायझेशन होत नाही, शिवाय प्रॉम्प्टवर नाव दिलेल्या व्हॅल्यू सत्रभर जिवंत राहतात, म्हणजे नसलेली गळती दिसते. ‘-एस’च्या आउटपुटमधली पहिलीच ओळ, हीपवर (डेटा राहतो त्या मेमरीत) एकूण किती बाइट अलोकेट झाले ती, सोडून द्या. तो आकडा शेकडो जीबी असला तरी काही बिघडत नाही, कारण त्यातलं बहुतेक लगेच टाकलं गेलेलं असतं. बघायचं ते ‘मॅक्झिमम रेसिडेन्सी’: कलेक्शनच्या वेळी खरोखर जिवंत सापडलेला सर्वाधिक डेटा. हा आकडा फक्त मोठ्या कलेक्शनच्या वेळी घेतला जातो, त्यामुळे मधला एखादा उंचवटा त्यातून निसटू शकतो.

एकदा मोजून भागत नाही. 5 लाख, 10 लाख आणि 20 लाख ओळींवर मोजा. युजरांची संख्या जवळपास स्थिर असताना ओळी दुप्पट झाल्यावर रेसिडेन्सीही दुप्पट होत असेल, तर ओळीओळीमागे काहीतरी साचत आहे. ती युजरांच्या संख्येबरोबर वाढून पुढे सपाट होत असेल, तर गडबड युजर आयडीच्या बाजूला आहे. निम्मं निदान इथेच होतं.

पुढची पायरी हीप प्रोफाइल. यासाठी प्रोफायलिंग बिल्ड लागते असा समज आहे. ‘+आरटीएस -एचटी’ (लहान एच, मोठा टी) साध्या बिल्डवरही चालतो आणि मेमरीत कोणत्या प्रकारच्या वस्तू किती आहेत ते सांगतो. सोबत ‘-एल’ (लहान) दिलात तर इव्हेंटलॉग (चालतानाच्या नोंदींची फाइल) तयार होतो आणि ‘इव्हेंटलॉग2एचटीएमएल’ या टूलने त्याचा आलेख ब्राउझरमध्ये उघडता येतो. जीएचसी 9.4च्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर लिंक करताना ‘-इव्हेंटलॉग’ वेगळा द्यावा लागतो. आलेखात ‘थंक’ने सुरू होणारे पट्टे चढत असतील तर पहिला प्रकार. ‘एआरआर_वर्ड्स’ चढत असेल तर कच्चे बाइट साचत आहेत, म्हणजे बाइटस्ट्रिंगचे तुकडे कोणीतरी धरून ठेवले आहेत. लिस्टचे कॉन्स सेल (तिच्या एकेक कड्या) चढत असतील तर अख्खी लिस्ट अडकली आहे. तुमच्या वर्णनावरून पहिले दोन तरी एकत्र दिसावेत, कदाचित तिसराही.

थंक कुठे जन्माला आला ती ओळ हवी असेल तर जीएचसी 9.2 पासूनचा ‘-एचआय’ मोड वापरा (दोन्ही अक्षरं लहान). कंपाइल करताना ‘-एफइन्फो-टेबल-मॅप’ आणि ‘-एफडिस्टिंक्ट-कन्स्ट्रक्टर-टेबल्स’ द्यायचे. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक थेट मिळतो, आणि तोही ऑप्टिमाइझ केलेल्या खऱ्या प्रोग्रॅमवर. बायनरी बरीच फुगते, ते चालवून घ्यायचं. जुन्या पद्धतीच्या कॉस्ट-सेंटर प्रोफायलिंगची अडचण अशी की सगळ्या फंक्शनांवर आपोआप कॉस्ट सेंटर (खर्च मोजायच्या खुणा) लावले की इनलायनिंग (फंक्शनचा कोड वापराच्या जागीच बसवणं) अडतं, स्ट्रिक्टनेसचं विश्लेषण बदलतं आणि तुम्ही भलत्याच प्रोग्रॅमची गळती शोधत बसता. प्रोफायलिंग करायचंच असेल तर 9.4 पासून ‘-एफप्रॉफ-लेट’ आहे, तो वापरा. त्यात कॉस्ट सेंटर ऑप्टिमायझेशननंतर लागतात.

आता तुमच्या कोडमध्ये काय होत असावं ते बघू. फोल्डएल-प्राइम दर पावलाला जमा होणारी व्हॅल्यू सोडवतं, पण फक्त सर्वात बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत, म्हणजे व्हॅल्यूच्या बाहेरच्या कवचापर्यंत. स्ट्रिक्ट मॅपचं इन्सर्टविथही (जुन्या व्हॅल्यूत नवी मिळवून ठेवणारं फंक्शन) तेवढंच करतं. तुमची व्हॅल्यू टपल आहे. टपलचा कन्स्ट्रक्टर तयार झाला की दोघांचंही काम संपलं. आतले ‘जुनी संख्या अधिक 1’ आणि ‘जुनी बेरीज अधिक नवा वेळ’ तसेच थंक राहतात. पुढच्या ओळीला त्यांच्यावर आणखी एक थंक. एका युजरच्या 400 ओळी असतील तर 400 कड्यांची साखळी, आणि ती सुटते अगदी शेवटी, सरासरी छापताना.

साखळी एवढंच असतं तरी चाललं असतं. थंकला हिशेब पुरा करायला लागणारं सगळं तो सोबत बाळगतो. ‘नवा वेळ’ हासुद्धा बहुधा थंकच आहे: ओळीतल्या तुकड्यातून आकडा वाचायचा आहे, अजून वाचलेला नाही. म्हणून तो थंक ओळीला धरतो. आणि बाइटस्ट्रिंगमधली ओळ ही स्वतंत्र प्रत नसते. ती मूळ चंकमधली (वाचलेल्या तुकड्यातली) एक खिडकी असते, पत्ता आणि लांबी. लेझी बाइटस्ट्रिंगचा चंक जवळपास 32 केबीचा. म्हणजे एक न वाचलेला आकडा 32 केबी जिवंत ठेवतो, आणि प्रत्येक चंकमध्ये असे शेकडो आकडे असल्यामुळे अख्खी 2 जीबीची फाइल मेमरीत बसून राहते. त्यावर प्रत्येक ओळीमागे थंक आणि खिडक्यांचे शंभरेक बाइट. 2 कोटी ओळींचे आणखी 2 जीबी, आणि हा भाग कलेक्टर कॉपी करत असल्यामुळे त्याचे दोन-तीन पट. इथे 8 जीबीचा हिशेब लागतो. आकडा वाचण्याचा कोड कसा लिहिला आहे यावर थोडं अवलंबून आहे: निकालावर पॅटर्न मॅच करून आकडा बाहेर काढत असाल तर ओळ आधीच सुटलेली असेल आणि फक्त बेरजांची साखळी उरेल. ‘फ्रॉममेबी’ने (आकडा न मिळाल्यास ठरलेली व्हॅल्यू देणारं फंक्शन) गुंडाळून तसाच पुढे पाठवत असाल तर वर सांगितलेलं सगळं घडतं.

याचा उपाय एका डिक्लरेशनचा आहे. टपल काढून टाका आणि दोन फील्डांचं स्वतःचं रेकॉर्ड करा, दोन्ही फील्डच्या प्रकाराआधी उद्गारचिन्ह. आता बाहेरचा कन्स्ट्रक्टर सुटताना आतले दोन्ही आकडे सुटतात, वेळ वाचला जातो आणि ओळीचा संदर्भ तुटतो. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर पूर्णांकासारखी छोटी स्ट्रिक्ट फील्डं जीएचसी आपोआप रेकॉर्डमध्येच सपाट करून ठेवतो, वेगळा प्राग्मा (कंपायलरसाठीची सूचना) लिहावा लागत नाही.

पण एवढ्याने युजर आयडीचा प्रश्न सुटत नाही, आणि इथेच दुसरा प्रकार येतो. मॅपमधला युजर आयडी पूर्ण सोडवलेला आहे, त्यात थंक नाही, तरी तोही चंकमधली खिडकीच आहे. जो युजर ज्या चंकमध्ये पहिल्यांदा दिसला तो चंक त्याच्यासाठी जिवंत. वाईटात वाईट 50 हजार युजर 50 हजार वेगळ्या चंकमध्ये पहिल्यांदा आले, तर 50 हजार गुणिले 32 केबी, म्हणजे 1.6 जीबी. प्रत्यक्षात बरेच युजर फाइलच्या सुरुवातीलाच दिसून जातात, त्यामुळे आकडा कमी येतो. लॉगमध्ये नवे युजर कसे पसरले आहेत त्यावर ते ठरतं. लेझी बाइटस्ट्रिंगवर ‘टूस्ट्रिक्ट’ लावलं म्हणजे प्रत झाली असं समजू नका. तुकडा एकाच चंकमध्ये बसत असेल तर ‘टूस्ट्रिक्ट’ कॉपी न करता तीच खिडकी परत देतं.

‘कॉपी’ फंक्शन वापरून खरी प्रत करता येते. तरी जास्त काळ टिकणाऱ्या, छोट्या आणि पुष्कळ संख्येच्या स्ट्रिंगसाठी मी शॉर्ट-बाइटस्ट्रिंगच सुचवेन, ‘टूशॉर्ट’ने. साधी बाइटस्ट्रिंग पिन केलेल्या मेमरीत राहते, म्हणजे कलेक्टर तिला हलवू शकत नाही. 4 केबीच्या ब्लॉकमध्ये एक छोटी स्ट्रिंग जरी जिवंत असली तरी पूर्ण ब्लॉक अडतो. ओळीमागून ओळ स्वतंत्र बाइटस्ट्रिंग म्हणून वाचत असाल तर हे विखुरणं चांगलंच जाणवतं: 50 हजार युजर गुणिले 4 केबी, म्हणजे 200 एमबीपर्यंत. शॉर्ट-बाइटस्ट्रिंग पिन केलेली नसते, कलेक्टर तिला बाकीच्यांबरोबर नीट रचून ठेवतो. तिच्यावरची फंक्शनं कमी आहेत, पण की म्हणून तुलना करण्यापलीकडे इथे लागतंय काय? टेक्स्ट (मजकुरासाठीचा प्रकार) वापरत असाल तरी खिडकीची गोष्ट तीच, तिथेही ‘कॉपी’ लागते. आणि स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची लिस्ट, या कामाला नकोच: एका अक्षराला किमान 24 बाइट जातात.

तिसरी जागा तपासा: ओळींची लिस्ट दोनदा वापरली आहे का? ‘एकूण किती ओळी’ मोजायला एकदा ‘लेंथ’ आणि मग फोल्ड, असं असेल तर पहिली फेरी चालू असताना दुसऱ्या फेरीसाठी लिस्टचं डोकं धरलेलं असतं. सगळी फाइल मेमरीत येणारच, आणि तुमचा फोल्ड कितीही स्ट्रिक्ट असला तरी येणार. मोजणीही त्याच फोल्डच्या रेकॉर्डमध्ये घ्या. अशा तीन-चार गोष्टी एकाच फेरीत करायच्या असतील तर ‘फोल्डएल’ नावाचं पॅकेज आहे, ते वेगवेगळे फोल्ड जोडून एका फेरीत चालवतं. कंड्युइट किंवा स्ट्रीमली यांसारखी स्ट्रीमिंग लायब्ररी घेतली तर डोकं धरून ठेवणं अवघड होतं, हा त्यांचा खरा फायदा. पण टपलमधले थंक आणि खिडक्या त्यांनाही दिसत नाहीत. तेव्हा लायब्ररी बदलण्याआधी वरच्या दोन गोष्टी करा.

आता तुमच्या मूळ दोन पर्यायांकडे. ‘स्ट्रिक्ट’ एक्स्टेन्शन त्या मोड्यूलमधली बाइंडिंगं आणि पॅटर्न स्ट्रिक्ट करतं. लायब्ररीत व्याख्या झालेल्या टपल, मेबी किंवा लिस्टच्या आतलं त्याला बदलता येत नाही. तुमचं टपल होतं तसंच राहील. उलट ‘व्हेअर’मध्ये लिहिलेली, फक्त एका फांदीत लागणारी व्हॅल्यू आता प्रत्येक वेळी सोडवली जाईल, आणि ती ‘एरर’ असेल तर प्रोग्रॅम पडेल. त्याच्याबरोबर आलेलं ‘स्ट्रिक्टडेटा’ मात्र चांगलं आहे. दोन्ही जीएचसी 8.0 पासून आहेत. ते फक्त त्या मोड्यूलमध्ये घोषित केलेल्या डेटा प्रकारांची फील्डं स्ट्रिक्ट करतं, आणि डेटा साठवणाऱ्या मोड्यूलमध्ये ते कायम चालू ठेवायला माझी हरकत नसते. एखादं फील्ड मुद्दाम लेझी हवं असेल तर टिल्ड लावून सांगता येतं.

‘फोर्स’चं दुखणं वेगळं. प्रत्येक ओळीनंतर अख्ख्या मॅपवर ‘फोर्स’ लावलंत तर तो दर वेळी सगळे नोड फिरून येतो, आधीच सुटलेले असले तरी. 50 हजार गुणिले 2 कोटी म्हणजे 1 लाख कोटी भेटी. मेमरी आटोक्यात येईल, प्रोग्रॅम संपणार नाही. ‘फोर्स’ची जागा सीमेवर: एखादा निकाल दुसऱ्या थ्रेडला देताना, किंवा फाइल बंद करण्याआधी, एकदाच.

हाच सापळा आणखी काही ठिकाणी लपलेला असतो, ती एकदा नजरेखालून घाला. ‘मॉडिफायआयओरेफ’, ‘मॉडिफायटीव्हार’ आणि स्टेटमधलं ‘मॉडिफाय’ यांची प्राइमवाली (लगेच सोडवणारी) रूपं वापरा. ‘कंट्रोल.मोनाड.स्टेट.स्ट्रिक्ट’ या नावाने फसायला होतं. तिथला स्ट्रिक्टपणा पावलं जोडण्यापुरता आहे, आतली स्टेट सोडवली जात नाही. रायटरमध्ये (हिशेबासोबत नोंद जमवत जाणारा मोनाड) बेरीज जमवणं तर टाळाच. लेझी आणि स्ट्रिक्ट दोन्ही रूपं गळतात, ट्रान्सफॉर्मर्स पॅकेजमधलं सीपीएस (कंटिन्युएशन-पासिंग शैलीतलं) रूप त्यासाठीच आहे. आणि सहज नजरेतून सुटणारी गोष्ट: डेटा.मॅपच्या लेझी आणि स्ट्रिक्ट मोड्यूलांमध्ये प्रकार एकच आहे, फंक्शनं तेवढी वेगळी. म्हणून ‘एफमॅप’ लावलं की ते लेझीच चालतं, इम्पोर्ट कुठलाही असो. सरासरी काढताना स्ट्रिक्ट मोड्यूलमधलं ‘मॅप’ फंक्शन नावानिशी वापरा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘एफमॅप’ने 50 हजार थंकच होतील, ते चालेल. दिवसेंदिवस चालणाऱ्या सर्व्हरमध्ये चालणार नाही.

दुरुस्ती करताना तिन्ही बदल एकदम करू नका. आधी रेकॉर्ड, मग मोजा. ‘थंक’चे पट्टे नाहीसे व्हायला हवेत. मग शॉर्ट-बाइटस्ट्रिंग, मोजा. ‘एआरआर_वर्ड्स’ खाली यायला हवं. मग दुसरी फेरी असल्यास काढा. शेवटी मॅक्झिमम रेसिडेन्सी दहा एमबीच्या आतबाहेर यायला हवी आणि 5 लाख ओळींनंतर ती फारशी हलता कामा नये.

गळती परत आली तर लवकर कळावी म्हणून टेस्ट चालवताना ‘-एम64एम’ आणि ‘-के1एम’ द्या (दोन्ही फ्लॅगांचं पहिलं अक्षर मोठं). पहिला हीपला 64 एमबीची मर्यादा घालतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमने मारण्याऐवजी स्पष्ट हीप ओव्हरफ्लो मिळतो. दुसरा स्टॅक 1 एमबीवर अडवतो. स्टॅकची मूळ मर्यादा मशीनच्या मेमरीच्या 80 टक्के इतकी सैल आहे, त्यामुळे थंकची लांब साखळी सुटताना एरवी कुठलीही एरर दिसत नाही. 1 एमबीवर ती ताबडतोब पडते. मात्र 400 कड्यांची साखळी 1 एमबीमध्ये आरामात सुटते, म्हणजे तुमच्या या गळतीत ‘-के’ गप्प राहील आणि ‘-एम’ पकडेल. उलट एखादं साधं खोल रिकर्शन, जे गळती नाही, तेही ‘-के’मध्ये अडकेल, अशा वेळी तो भाग बघून मर्यादा वाढवायची. त्याहून बारीक तपास हवा असेल तर ‘नोथंक्स’ पॅकेज आहे. टेस्टमध्ये मॅप त्याच्याकडे दिला की आत अनपेक्षित थंक आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकाराच्या आत आहे, ते तो सांगतो. तुमच्या पहिल्या आवृत्तीवर तो टपलकडेच बोट दाखवेल.